चार नंबरचं गाणं

चितेगाव, ता. पैठण
रविवार, ९ मार्च २०२५

मेघा,

तू माझा नंबर बंद केलास आणि शेवटच्या निरोपात लिहिलंस, "फोनवर तू तिसऱ्या वाक्याला भांडतोस. बोलायचं असेल तर पत्र लिही. पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाताना निम्मा राग उतरेल." आमची पेटी घरापासून शंभर पावलांवर आहे. माझ्या रागाला एवढं अंतर पुरत नाय, तरी लिहितोय.

परवा फोनवर विचारलं तेच कागदावर विचारतो. माझ्याशी लग्न करशील का?

तू म्हणालीस, "सत्यम, आपण वेगळे झालो आता. तू कॉलेज सोडलंस त्याला सहा वर्षं झाली. मी धारवाडला पक्ष्यांमागं, तू चितेगावच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर. बोलणंसुद्धा वेगळं झालंय आपलं." त्यावर मी ओरडलो. ओरडायला नको होतं. पण मला पटलेलं नाय, हे अजून तसंच आहे.

दुसरी गोष्ट. तुला गोदावरीच्या पट्ट्यात चिरक पक्ष्यावर काम करणारा माणूस मिळत नाय, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. मी आहे. माझी दुसरी पाळी असते, सकाळ सगळी मोकळी. कारखान्यामागच्या माळावर चिरकच चिरक आहेत, शेपटी वर करून दगडा-दगडावर बसलेले. पगार नको. उत्तर पाहिजे.

सत्यम

~

धारवाड
१७ मार्च २०२५

सत्यम,

पत्र मिळालं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, जोर देऊन लिहिलेलं, मागच्या बाजूनं हात फिरवला तर वाचता येईल असं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर जूनमध्ये देईन. हो किंवा नाही, स्पष्ट. तोवर त्या विषयावर एकही ओळ नको. कामाला मात्र आजपासून लागायचं, कारण माणसाची मला खरंच गरज आहे.

आधी काम काय ते समजून घे. गुजरातेकडच्या चिरक नराची पाठ तपकिरी असते. आमच्या इकडच्या नराची काळीभोर. गोदावरीच्या आसपास मधलीच, धड ही नाही धड ती नाही. आता नवी प्रजाती काही एका सकाळी अंड्यातून बाहेर येत नाही. एकाच पक्ष्याचे दोन गट लांब पडतात. इकडची पिल्लं इकडच्या मोठ्या नरांचं गाणं ऐकत वाढतात, तिकडची तिकडच्यांचं. रंग थोडा बदलतो, चाल थोडी बदलते. हजारो पिढ्या गेल्या की कधीतरी इकडच्या मादीला तिकडचा नर ओळखूच येत नाही. जोड्या जमत नाहीत, रक्त मिसळत नाही. तिथं एकाच्या दोन प्रजाती झाल्या. चिरकाचं कुठवर आलंय ते मला बघायचंय, आणि ते कळेल ते तुमच्या मधल्या पट्ट्यात.

हे पक्ष्याला विचारायचं कसं? गाणं वाजवून. नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज ऐकून भांडायला धावला, तर तो त्याला आपल्यातलाच समजतो. परक्यासाठी कुणी जीव जाळत नाही. हे तुला समजावून सांगायला नको.

सोबत स्पीकर आणि सहा गाणी पाठवतेय. गाण्यांना फक्त नंबर आहेत. कुठलं गाणं कुठलं, ते तुला मुद्दाम सांगत नाही. माहीत असलं की डोळे आपल्याला हवं तेच बघतात. चौदा नर शोध. एका नराला एका दिवशी एकच गाणं, तीन मिनिटं. स्पीकर त्याच्या बसायच्या जागेपासून बरोबर पंधरा पावलांवर. तो किती जवळ आला ते लिहायचं. अंदाज लिहायचा नाही, दिसलं ते लिहायचं.

मेघा

~

चितेगाव
रविवार, ६ एप्रिल २०२५

मेघा,

चौदा चिरक, सहा गाणी, चौऱ्याऐंशी खेपा. सगळे कागद सोबत आहेत. सकाळी साडेपाचला माळावर, दुपारी प्रेसवर. सुपरवायझर विचारतो, "काय रे, डोळे का लाल?" मी म्हणतो, पाखरं मोजतो. त्यानं सगळ्या शॉपमध्ये सांगितलं, सत्यमला हवापालट पाहिजे.

पण लई मजा आली. प्रत्येक चिरकाचा स्वभाव वेगळा. खदानीजवळचा एक एवढा तापट, की स्पीकरवर बसून त्यालाच चोची मारत होता. त्याचं नाव मी सांगत नाय, तुला कळलंच असेल. टाकीजवळच्या दोघांत तर एकाची पाठ तपकिरी आणि शेजाऱ्याची जवळजवळ काळी, आणि दोघांमध्ये कुंपणाची एक तार.

एक ठळक गोष्ट. चार नंबरला आपले चिरक पागल झालेत. चौदाच्या चौदा दोन मीटरच्या आत! चार नंबर कुठला ते मला माहीत नाय. पण चाल जरा वेगळी वाटते, म्हणजे लांबचा असणार. एवढ्या लांबचं गाणं, आणि आपले पक्षी त्याला आपलाच समजतात. मधे सहा वर्षं का जाईनात.

त्या विषयावर ओळ लिहायची नाय हे माहीत आहे. ही पक्ष्यांवरची ओळ आहे.

सत्यम

~

धारवाड
१५ एप्रिल २०२५

सत्यम,

कागद तीनदा वाचले. पाच गाण्यांचे आकडे उत्तम आहेत. खालीवर आहेत, कुठं चार मीटर, कुठं अकरा, कुठं "आलाच नाही, मुंगळा खात बसला". जिवंत पक्षी असेच वागतात.

चार नंबरला चौदा पक्षी, चौदा वेळा दोन मीटर. हे चिरक आहेत की जयंतीच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक?

आणि आता सांगते. चार नंबरचं गाणं कुठल्याच गावचं नाही. ते एका चिरकाचं गाणं शेवटाकडून सुरुवातीकडं, उलटं वाजवलेलं आहे. पक्षी नुसत्या आवाजाला भुलतात की खऱ्या गाण्याला, हे तपासायला असं एक ठेवतात. तिकडं गुजरातेत, दाहोदला, आमचा हिमांशू हेच काम करतो. त्याच्याकडं उलट्या गाण्याला एकही पक्षी हललेला नाही.

चार नंबरला स्पीकर कुठं ठेवला होतास?

रागावण्याआधी एक आठवण देते. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, मागच्या वर्षीची रीडिंग उतरवून काढा, सगळे तेच करतात. सगळ्यांनी उतरवली. मीसुद्धा. एकच मुलगा उठला, जर्नल टेबलावर आपटलं, सरांना नको ते बोलला आणि परत कधी आला नाही. मी त्याच मुलाला विचारतेय.

मेघा

~

चितेगाव
२१ एप्रिल २०२५

मेघा मॅडम,

स्पीकर पंधरा पावलांवरच होता. तुमचं यंत्र बिघडलं असेल. नायतर तुमच्या हिमांशूचे पक्षी बहिरे असतील.

कॉलेज सोडलेला माणूस खोटारडाच असणार, हे सरळ लिहायचं ना. जर्नलची आठवण कशाला? तुमच्यासाठी पहाटे उठलो, काटे टोचून घेतले, साप पाहिला तो वेगळाच. आता माणूस दुसरा बघा. शिकलेला बघा.

ही पेटीपर्यंतची शंभर पावलं मी पळत जाणार आहे, राग उतरू नये म्हणून.

सत्यम

~

चितेगाव
रविवार, ११ मे २०२५

मेघा,

तू उत्तर दिलं नायस. बरोबर केलंस.

मी माळावर परत गेलो होतो. तुला खोटं ठरवायला, हे आधी सांगतो. चार नंबर लावला, स्पीकर बरोबर पंधरा पावलांवर. पहिला चिरक पंख साफ करत बसला. दुसऱ्यानं किडा पकडला आणि बायकोला नेऊन दिला. तो खदानीवाला तापट गडी, जो माझ्या सावलीवर पण धावून येतो, त्यानं मान वाकडी करून ऐकलं आणि माझ्याकडं बघून पाठ फिरवली. चौदापैकी एक पण जवळ आला नाय.

आता खरं. मार्चमध्ये मी सहाही गाणी आधी घरी ऐकली. चार नंबरमध्ये, पक्ष्याच्या मागं, बारीकसं कुणीतरी हसतं. मी ते शंभरदा ऐकलं. ते हसू तुझं आहे. म्हटलं, म्हणजे हे धारवाडचं गाणं, मेघाच्या समोरच्या चिरकाचं. चाल विचित्र वाटली तर म्हटलं, तिकडची बोली असेल. मग चार नंबरच्या वेळी मी पंधरा पावलं मोजलीच नायत. स्पीकर नेऊन ठेवला तो नर बसतो त्या दगडाच्या बुडाशी. दोन मीटरवर तो आधीपासूनच होता, मेघा. मी फक्त लिहून घेतलं. धारवाडचं गाणं चितेगावात आपलं ठरलं तर तू पण माझं ऐकशील, असं काहीतरी डोक्यात होतं. लिहिताना आता लाज वाटते.

सरांचं जर्नल मी आपटलं तेव्हा वाटलं होतं, जगात मी एकटाच खरा. खोटी रीडिंग लिहायला फक्त एक कारण लागतं. सरांचं कारण आळस होतं. माझं तू. माझं कारण चांगलं होतं असं म्हणायचा मला हक्क नाय.

ते चौऱ्याऐंशी कागद फाडून टाक. लग्नाचा प्रश्न पण परत घेतो.

सत्यम

~

धारवाड
१८ मे २०२५

सत्यम,

कागद फाडले नाहीत. चार नंबरच्या गठ्ठ्यावर "बाद, स्पीकर जवळ" असं लिहून, खाली तारीख आणि तुझं नाव टाकून ठेवलेत. चुकीची नोंद फाडत नाहीत, का चुकली ते तिच्यावर लिहून ठेवतात.

आणि हसू माझंच होतं. माझ्या गाइड मॅडम छत्री उघडून उभ्या होत्या आणि चिरकानं नेमका छत्रीवर प्रसाद दिला. मी हसले, रेकॉर्डिंग वाया गेलं, म्हणून तेच उलटं करून तपासणीसाठी वापरलं. म्हणजे मी उलटी हसले तरी तुला ओळखू आले. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पक्ष्यांचं सोड, आधी या मुलाच्या कानावर पेपर लिही."

पण आता अडचण खरी आहे. पहिले सगळेच आकडे गेले, कारण गाणी तू आधी ऐकली होतीस. मॅडम म्हणतात, मधला पट्टा सोडून दे, उत्तर आणि दक्षिण एवढंच लिही. मी नाही म्हणाले. मधला पट्टा नसेल तर माझ्या प्रबंधात दोन टोकं उरतात आणि मुख्य प्रश्न तसाच राहतो. जूनच्या मध्यापर्यंत मुदत मागून घेतली आहे.

नवी गाणी पाठवतेय, नंबर सगळे बदललेत. हसू कुठंही नाही, मी तपासलं. करशील का पुन्हा?

प्रश्न परत घेता येत नाही. तो माझ्याकडं पोचलाय, आता माझा आहे.

मेघा

~

चितेगाव
रविवार, ८ जून २०२५

मेघा,

केलं. आणि या वेळी असं केलं की मला फसवता येणारच नाय, मी ठरवलं तरी.

आमच्या प्रेस शॉपमध्ये कानात घालायला रबरी बुचं देतात. घातली की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाय. म्हटलं, मी गाणं ऐकलंच नाय तर कुठलं चालू आहे ते कळणार कसं? फक्त पक्षी बघायचा. पण मग बटण दाबणार कोण? माझी साळूआत्या.

आत्या आधी म्हणाली, "मला न्हाई जमायचं बाबा ते मोबाईलचं." दोन दिवसांत अशी तरबेज झाली की मलाच ओरडते. तू पाठवलेल्या यादीतला नंबर ती लावते, स्पीकरकडं तोंड करून बसते, हात वर करते. हात खाली आला की गाणं सुरू. पावलं पण तीच मोजते. म्हणते, "तुझ्या पावलावर त्या पोरीचा भरवसा न्हाई म्हणं." हे तिला कुणी सांगितलं? मीच सांगितलं. सगळं सांगितलं.

तीन मिनिटं ती गप्प बसत नाय. मला ऐकू येत नाय, पण तोंड चालू दिसतं. बुचं काढून विचारलं, "आत्या, काय बोलत होतीस एवढं?"

"म्या म्हनलं, आरं येड्या, वैरी न्हाई तिथं, डबडं हाय. त्याला काय कळतंय. हुडकतंय बिचारं दगडाखाली." मग माझ्याकडं बघून, "तुझ्यावानीच हाय. आधी धावतंय, मंग बघतंय."

"आत्या, तू बोललीस तर पक्षी बिचकंल ना."

"त्यो तुला बिचकतोय. म्या बोललेलं त्याला आवडतंय."

हे पण कागदावर लिहिलंय, प्रत्येक खेपेला: "आत्या बोलत होती." तू ठरव काय करायचं. तशी ती सहाही गाण्यांना सारखीच बोलली, याची खात्री देतो. तिचा काही पक्षपात नाय.

कुठल्या नंबरला काय झालं त्याचा अर्थ मला लागत नाय, आणि लावायचा पण नाय. सगळा अर्थ तुझ्याकडं. एकच दिसलेलं सांगतो, ते गाण्याचं नाय. टाकीजवळच्या तपकिरी पाठीच्या नराची मादी काळ्या शेजाऱ्याच्या कुंपणातून आलेली आहे, मागच्या हंगामातली त्याची पोरगी असावी असं आत्याचं म्हणणं. "असावी" म्हणून लिहिलंय, अंदाज म्हणून. भिंतीच्या भोकात त्यांची तीन पिल्लं आहेत. सगळी तोंडं उघडी ठेवून बसलेली. मी बघत बसलो आणि पाळीला वीस मिनिटं उशीर झाला.

बाकी काही विचारत नाय.

सत्यम

~

धारवाड
१७ जून २०२५

सत्यम,

हे पत्र उभ्यानं लिहितेय, आनंदानं बसवत नाही.

तुमच्या चौदापैकी तेरा जण घरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्याच, गाण्यावर धावले. गुजरातेकडच्या गाण्यावर बारा. धारवाडच्यावर बारा. वाटेतल्या दुसऱ्या दोन गावांच्या गाण्यांवरही तेवढेच. उलट्या गाण्यावर एक, आणि त्याच्यासमोर तू लिहिलंयस, "सरडा पकडायला आला असावा, सरडा दिसला." मी ती ओळ वाचून एवढी हसले की मॅडम बाहेर आल्या.

म्हणजे तुमचे मधले चिरक दोन्हीकडच्यांना अजून आपलंच समजतात. दाहोदचे नर आमच्या गाण्याला जेमतेम दाद देतात, आमचे त्यांच्या गाण्याला त्याहून कमी. दोन टोकं लांब चालली आहेत, पण मधे गोदावरीवर कुणीतरी दोघांचीही भाषा ऐकून घेतंय. चौदा पक्ष्यांवरून मोठी विधानं करायची नाहीत, हे मला कळतं. पुढं रक्ताचे थेंब तपासायचेत, रक्त खरंच मिसळतंय का ते त्यातून कळेल. वनखात्याची परवानगी हातात आली आहे. जुलैत जाळी घेऊन मी चितेगावला येतेय, दोन महिन्यांसाठी. मॅडमनी "आत्या बोलत होती" हा रकाना प्रबंधात तसाच ठेवायला सांगितलाय.

आता तुझं उत्तर. मी स्पष्ट देईन म्हणाले होते.

हो.

हे पक्ष्यांमुळं नाही, ते आधी डोक्यातून काढ. तुमचे चिरक एकाही गाण्याला उठले नसते तरी हेच लिहिलं असतं. ११ मेचं तुझं पत्र आलं त्या दिवशीच ठरलं होतं. पण तेव्हा कळवलं असतं तर तू आनंदानं पुन्हा पावलं चुकवली असतीस.

आईला मात्र तूच विचार. पैठणला फोन करू नकोस. ती पस्तीस वर्षं शाळेत शिक्षिका होती, फोनवर तुझा आवाज चढला की तुला कोपऱ्यात उभा करेल. पत्र लिही.

तुझी,
मेघा

~

चितेगाव
रविवार, २२ जून २०२५

आदरणीय सत्यभामाकाकू,

सविनय जय भीम.

माझं नाव सत्यम. मेघासोबत दोन वर्षं कॉलेजात होतो. मला तिच्याशी लग्न करायचं आहे आणि तिनं होकार दिला आहे. तुमची परवानगी मागायला हे पत्र.

माझ्याबद्दल बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. मला राग लवकर येतो. कॉलेज मी रागातच सोडलं, आणि नंतर परत जायची हिंमत झाली नाय, ती रागापेक्षा जास्त चूक होती. सध्या पॉवर प्रेसवर आहे, काम चोख करतो, पण वेळेचं मला भान राहत नाय, पक्षी दिसला तर अजिबात नाय. मेघाच्या कामात मी एकदा खोटे आकडे लिहिले. का लिहिले ते तिला माहीत आहे, तुम्ही विचाराल तर तुम्हालाही सांगेन. मनातलं चांगलं बोलायचं असलं की माझ्या तोंडून वाकडंच बाहेर पडतं, म्हणून हे पत्र चौथ्यांदा लिहितोय.

चांगलं काय आहे ते माझ्या तोंडून बरं दिसणार नाय. साळूआत्या सांगेल. तिला थांबवणं मात्र तुमच्या हाती.

मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणला आहे. भरलेला नाय अजून. भरला असं लिहिणार होतो, पण नाय भरला.

आपला,
सत्यम

~

पैठण
२६ जून २०२५

चि. सत्यम,

जय भीम.

पत्र पोचले. अक्षर बरे आहे. शुद्धलेखनाच्या चुका चार, त्या लाल शाईने दाखवल्या आहेत. अर्ज भरताना त्याच करू नकोस. अर्जाची शेवटची तारीख मी चौकशी करून ठेवली आहे. ती तुला सांगणार नाही, तूच शोधायची.

तू स्वतःचे दोष लिहिलेस. मी मोजले, पाच भरले. मेघाने मला फोनवर सात सांगितले होते.

रविवारी आत्यांना घेऊन जेवायला ये. येसराची आमटी करते आहे. उरलेले दोन कोणते, ते बसून आठव. आठवले नाहीत तरी ये.

सत्यभामा